आरती साहा : खाडी जिंकणारी जलकन्या

तलावातली शर्यत आणि समुद्र पोहून जाणे या दोन गोष्टी वरवर सारख्या वाटल्या, तरी त्यांत फार मोठे अंतर आहे. तलावात हिशेब सेकंदांचा असतो. समुद्रात थंडी, भरती-ओहोटी आणि थकलेले शरीर यांच्याशी तासन्‌तास झुंजावे लागते. सेकंदांच्या शर्यती जिंकलेल्या कलकत्त्याच्या आरती साहा हिने ही झुंजही जिंकली आणि इंग्लिश खाडी पोहून जाणारी पहिली आशियाई स्त्री होण्याचा मान मिळविला.

आरतीचा जन्म २४ सप्टेंबर १९४० रोजी कलकत्त्यातील एका सामान्य कुटुंबात झाला. अडीच वर्षांची असतानाच तिचे मातृछत्र हरपले. आजीने तिचा सांभाळ केला. चंपातला घाटावर स्नानाला जाता जाता ती पोहायला शिकली. तिची ओढ पाहून वडिलांनी तिला हाटखोला क्लबात घातले. तेथे सचिन नाग या नामवंत जलतरणपटूंचे मार्गदर्शन तिला लाभले. १९४६ साली, पाचव्या वर्षीच, तिने ११० यार्डांच्या शर्यतीत सुवर्णपदक पटकाविले. १९५१ साली शंभर मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये १ मिनिट ३७.६ सेकंद अशी वेळ नोंदवून मुंबईच्या डॉली नाझीर यांचा अखिल भारतीय विक्रम तिने मोडला. पुढच्याच वर्षी या दोघी हेलसिंकी ऑलिंपिकला गेल्या. आरती तेव्हा अवघी अकरा वर्षांची होती.

१९५८ साली पूर्व बंगालचे ब्रजेन दास इंग्लिश खाडी पोहून गेले. त्यांनीच पुढील वर्षीच्या स्पर्धेसाठी आरतीचे नाव संयोजकांना सुचविले. खर्चाचा प्रश्न बिकट होता, मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी साहाय्य मिळवून दिले. देशबंधू पार्कच्या तलावात सलग आठ तास पोहून तिने आपली तयारी लोकांसमोर सिद्ध केली.

२७ ऑगस्ट १९५९ रोजी फ्रान्सच्या केप ग्री-ने येथून स्पर्धा सुरू झाली. आरतीची मार्गदर्शक नौका चाळीस मिनिटे उशिरा आली. खाडीतील प्रवाह पोहणाऱ्याच्या वाटेला आडवे वाहतात आणि काही तासांनी दिशा पालटतात. तेथे वेळ चुकली की सारे गणितच चुकते. सकाळी अकराच्या सुमारास इंग्लंडचा किनारा पाच मैलांवर आला होता. पण प्रवाह उलटला आणि दुपारी चारपर्यंत जेमतेम दोन मैल कापले गेले. अखेर तिला माघार घ्यावी लागली.

रिकाम्या हातांनी परतणे तिला मान्य नव्हते. ती इंग्लंडमध्येच राहिली व पुन्हा सरावाला लागली. एकोणिसावा वाढदिवस होऊन पाच दिवस झाले होते. २९ सप्टेंबर रोजी ती त्याच किनाऱ्यावरून पुन्हा पाण्यात उतरली. सरळ रेषेत सुमारे एकवीस मैलांची ती खाडी प्रवाहांमुळे बेचाळीस मैलांची झाली. सोळा तास वीस मिनिटांनी आरतीने सँडगेटचा किनारा गाठला आणि तेथे तिरंगा फडकविला.

१९६० साली तिला ‘पद्मश्री’ मिळाली. हा सन्मान लाभलेली ती पहिली भारतीय महिला क्रीडापटू ठरली. मोहिमेतील आपले व्यवस्थापक डॉ. अरुण गुप्ता यांच्याशी पुढे तिचा विवाह झाला. रेल्वेत नोकरी करीत आरतीबाईंनी संसार सांभाळला. २३ ऑगस्ट १९९४ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. १९९९ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले.

पहिल्या अपयशानंतर अवघ्या तेहतीस दिवसांनी त्याच पाण्यात पुन्हा पाऊल टाकण्याचे धैर्य, हीच त्यांची खरी कमाई. घरापासून दूर वाढणाऱ्या आपल्या मुलामुलींना सांगावी अशी ही जीवनकथा आहे.