निळ्या रंगाचा मोजणीदार : डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव

विज्ञानातील थोर पुरुषांची चरित्रे विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनीच लिहावीत असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी. तरीही ज्या माणसाविषयी आज लिहीत आहे त्याचे जीवन एखाद्या कादंबरीत शोभावे असे आहे, आणि त्याने शोधलेली मोजणीची रीत आपल्या घराघरांतल्या रक्ताच्या रिपोर्टांपर्यंत येऊन पोहोचली आहे. म्हणून हे धाडस.

येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आजच्या आंध्र प्रदेशातील भीमवरम येथे झाला. घरची गरिबी, वडिलांचे आजारपण आणि पुढे मृत्यू यांमुळे शिक्षण रखडत गेले. मॅट्रिकची परीक्षा ते तिसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाले. पुढे मद्रासच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. गांधीजींच्या हाकेला साद देऊन हा विद्यार्थी शस्त्रक्रियेच्या वेळीही खादीचा पोशाख घालू लागला आणि इंग्रज प्राध्यापकांची मर्जी गमावून बसला. शेवटी हाती आली ती एम.बी.बी.एस. ऐवजी दुय्यम समजली जाणारी एल.एम.एस. पदवी. परीक्षेच्या मापाने पाहिले, तर हा माणूस सामान्यच ठरला असता!

याच काळात घरावर आघात झाला. त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने स्प्रू या आतड्याच्या रोगाने गेले. पुढे सुब्बारावांना त्याच रोगाने गाठले, पण आयुर्वेदाच्या उपचाराने ते वाचले. मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात त्यांनी शरीररचनाशास्त्र शिकवले. मग सासऱ्यांची मदत घेऊन, तरुण पत्नीला मागे ठेवून, ऑक्टोबर १९२२ मध्ये ते अमेरिकेत बोस्टनला उतरले. त्यानंतर पतिपत्नींची पुन्हा भेट झाली नाही.

बोस्टनमध्ये दिवसा हार्वर्ड विद्यापीठात अभ्यास आणि रात्री एका रुग्णालयात हमालासारखी हलकीसलकी कामे असा त्यांचा क्रम होता. उष्णकटिबंधीय रोगांची पदविका घेतल्यावर ते जीवरसायन विभागात आले. विभागाचे प्रमुख होते ऑटो फोलिन. रक्तातील निरनिराळ्या द्रव्यांचे प्रमाण रंगावरून काढण्याच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. तिथे सायरस फिस्क यांच्यासह सुब्बारावांनी एक प्रश्न हाती घेतला : रक्तातील फॉस्फरस मोजायचा कसा?

हा फॉस्फरस डोळ्यांना दिसत नाही. रक्ताच्या थोड्याशा नमुन्यात तो असतो मिलिग्रॅमच्या अंशाइतका. तराजूत टाकून कळावा असा नव्हे. त्यांनी युक्ती केली ती अशी. प्रथम रक्तातील प्रथिने आम्लाने साकळवून गाळून टाकायची. उरलेल्या निवळीत मॉलिब्डेट नावाचा क्षार घालायचा. तो फॉस्फेटशी जोडला जातो. मग आणखी एक द्रव्य घातले की त्या जोडाला निळा रंग चढतो. फॉस्फरस जितका जास्त, तितका निळा गडद. शेजारी ज्ञात प्रमाणाचे द्रावण ठेवायचे आणि कलरिमीटर या यंत्राच्या भिंगातून दोन्ही निळाया एकत्र पाहायच्या. त्या अगदी सारख्या दिसेपर्यंत द्रावणाच्या थराची खोली कमीजास्त करायची. ज्ञात द्रावणाची खोली २० मिलिमीटर आणि रक्ताच्या द्रावणाची २५ मिलिमीटर असताना रंग जुळले, तर रक्ताच्या द्रावणातले प्रमाण ज्ञात द्रावणाच्या चारपंचमांश. १९२५ मध्ये ही रीत प्रसिद्ध झाली आणि फिस्क-सुब्बाराव पद्धत या नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत रूढ झाली. आज यंत्रेच रंग मोजतात, रसायनांतही फरक झाले. पण मॉलिब्डेटचा आधार सुटलेला नाही.

मात्र नुसता आकडा म्हणजे मोजमाप नव्हे. त्याला एकक लागते. माझ्या वडिलांची मूत्रपिंडे अधू झाल्यापासून आमच्या घरी दर महिन्याला फॉस्फरसचा आकडा येतो. एकदा तो ७.२ आला. त्याच आठवड्यात लंडनच्या मावशीने फोनवर आपला १.२ सांगितला. वडिलांचा आकडा सहापट आहे असे वाटून आईने धसका घेतला. पण आपल्याकडचा आकडा असतो १०० मिलिलिटरमागे किती मिलिग्रॅम, म्हणजे वजनाचा. तिकडचा असतो लिटरमागे किती मिलिमोल, म्हणजे कणांच्या संख्येचा. फॉस्फरसचा अणुभार सुमारे ३१. म्हणून १०० मिलिलिटरमागे ३.१ मिलिग्रॅम म्हणजेच लिटरमागे १ मिलिमोल. मावशीचा १.२ आपल्या मापात ३.७ होतो. प्रौढ माणसात हे प्रमाण साधारण २.५ ते ४.५ असते. वडिलांचा आकडा वाढलेला होताच, पण मावशीच्या दुपटीच्या आत. आईची भीती निम्म्याहून अधिक उतरली ती एककामुळे. हे हिशेब समजून घेताना सुब्बारावांचे नाव मला प्रथम भेटले.

त्यांची खरी ओळख पुढेच आहे. हीच पद्धत स्नायूंच्या अर्काला लावली, तेव्हा निळा रंग लगेच पूर्ण न चढता हळूहळू गडद होत गेला. दुसऱ्या कोणी हा पद्धतीचा दोष समजून सोडून दिला असता. या दोघांनी त्या विलंबाचाच पाठपुरावा केला. स्नायूत एक नाजूक फॉस्फरस-संयुग असते, ते आम्लात सावकाश फुटते आणि म्हणून रंग उशिरा चढतो, असे निघाले. हे फॉस्फोक्रिएटिन, १९२७ सालचे. १९२९ मध्ये त्यांनी ए.टी.पी. हे संयुगही वेगळे केले; त्याच सुमारास जर्मनीत लोमान यांनाही ते सापडले. आपण बोट हलवतो तेही या संयुगाच्या बळावर.

एवढे करूनही हार्वर्डमध्ये त्यांना कायमची जागा मिळाली नाही. १९४० मध्ये ते लेडर्ले प्रयोगशाळेत गेले. तेथे त्यांच्या नेतृत्वाखालील पथकाने फॉलिक आम्ल कृत्रिमरीत्या तयार केले, आणि ते स्प्रूवर गुणकारी ठरले. ज्या रोगाने भाऊ नेले, त्यावरचे औषध भावाच्या पथकाने दिले. पण तोवर पंचवीस वर्षे उलटली होती. हत्तीरोगावरील डायइथाइलकार्बामाझिन हेही तेथलेच. आपल्या विदर्भात त्याच्या गोळ्या घरोघर वाटल्या गेल्या आहेत. रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या मुलांवर बोस्टनच्या डॉ. फार्बर यांनी वापरलेले अमिनोप्टेरिनही याच पथकाने बनवले.

ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी, झोपेतच सुब्बारावांचे निधन झाले. स्वतंत्र झालेला देश त्यांनी पाहिला नाही. भारताने त्यांच्यावर टपाल तिकीट काढले ते १९९५ मध्ये, जन्मशताब्दीला.

आपल्या महाविद्यालयातही दरवर्षी गुणपत्रिका हातात घेऊन खाली मान घालणारे मित्र दिसतात. गुण हाही एक आकडाच. तो कशाचे माप आहे आणि कशाचे नाही, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. तीनदा मॅट्रिकला बसलेल्या या मोजणीदाराचे चरित्र त्यांनी अवश्य वाचावे. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.