कॉनी मॅक : दोनदा बांधला, दोनदा विकला

१३ जून २०२३ च्या संध्याकाळी अमेरिकेतील ओकलंड शहराच्या बेसबॉल मैदानावर २७,७५९ माणसे जमली. त्या हंगामात एरवी कित्येक सामन्यांना तिथे पाच-सहा हजारसुद्धा येत नसत. बरे, संघ आघाडीवर होता म्हणून गर्दी लोटली म्हणावे, तर संघ गुणतक्त्याच्या तळाशी होता. लोक आले होते ते मालकाच्या कानावर आपला आवाज जावा म्हणून. हजारोंच्या अंगात हिरवे सदरे होते आणि त्यांवर, संघ विकून मोकळा हो, अशा अर्थाचा एकच शब्द छापला होता. खेळाडू नावारूपाला आले की त्यांना दुसऱ्या संघांच्या हवाली करायचे, पगार वाचवायचे, आणि वर लोक येत नाहीत म्हणून शहरच सोडायला निघायचे, हा कुठला न्याय, अशी त्यांची तक्रार होती.

ही हकिगत वाचनात आली आणि त्या संघाचा पूर्वेतिहास धुंडाळण्याची मला हुक्की आली. धागा धरून मागे मागे गेलो तो थेट फिलाडेल्फियाला, एका उंच, काटकुळ्या, कडक कॉलरच्या म्हाताऱ्यापाशी जाऊन पोहोचलो. त्याचे नाव कॉनी मॅक. ॲथलेटिक्स नावाचा हा संघ त्याने १९०१ साली उभा केला आणि पन्नास वर्षे चालवला. ओकलंडच्या लोकांची तक्रार त्यालाही शंभर वर्षांपूर्वी ऐकावी लागली होती, आणि एकदा नव्हे, दोनदा.

आपल्या मैदानावर सॉफ्टबॉल खेळणाऱ्यांना पिचर, कॅचर हे शब्द समजावून सांगायला नकोत. बाकीच्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे की पिचर म्हणजे चेंडू फेकणारा, कॅचर म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून तो झेलणारा, आणि मॅनेजर म्हणजे कचेरीतला साहेब नव्हे, तर संघ निवडून डावपेच आखणारा माणूस.

मॅकचे खरे नाव कॉर्नेलियस मॅगिलिकडी. डिसेंबर १८६२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील ईस्ट ब्रुकफील्ड या लहानशा गावी, आयर्लंडहून आलेल्या गरीब कुटुंबात त्याचा जन्म झाला. बाप कापडगिरणीत राबत होता. पोरानेही लहान वयातच गिरणीची वाट धरली आणि पुढे बुटांच्या कारखान्यात काम केले. तिथून सुटका झाली ती बेसबॉलमुळे. १८८६ मध्ये तो वॉशिंग्टनच्या संघात कॅचर म्हणून आला. फलंदाजी बेताचीच, पण डोके तल्लख. पुढे सभ्यपणाबद्दल ज्याचे गोडवे गायले गेले तो हा माणूस तरुणपणी फलंदाजाची बॅट हळूच ढकलण्याबद्दल प्रसिद्ध होता, हेही सांगून टाकलेले बरे!

त्याच्या चरित्रातील १८९० हे वर्ष मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्या काळी करारात एक कलम असे. त्यानुसार हंगाम संपला तरी खेळाडूवर त्याच्या मालकाचाच हक्क राही. मालकाने ठेवले तर तिथेच खेळायचे, विकले तर जिथे विकले तिथे जायचे, नाहीतर घरी बसायचे. हे कलम १९७५ पर्यंत टिकले. त्यातच मालकांनी पगारावर मर्यादा घातली, तेव्हा खेळाडूंनी बंड करून स्वतःची लीग काढली. मॅक त्या बंडात सामील झाला. नुसता खेळायला गेला नाही, तर साठवलेले ५०० डॉलर त्याने बफेलोच्या संघात घातले. संघ शेवटचा आला, लीग एका हंगामात बुडाली आणि त्याबरोबर पैसेही बुडाले. मालकांच्या वहीत खेळाडू म्हणजे जिन्नस असतो, याची ज्याला इतकी चीड होती, तोच पुढे मालक झाला. त्याचे पुढचे आयुष्य वाचताना मला ही गोष्ट एकसारखी आठवत राहते.

मधली वर्षे पिट्सबर्ग आणि मिलवॉकी येथे गेली. १९०१ मध्ये अमेरिकन लीग सुरू झाली आणि फिलाडेल्फियाचा संघ मॅककडे आला. निम्मी मालकी बेन शाइब या खेळसाहित्याच्या कारखानदाराची, चौथाई मॅकची. पुढे मॅकचाही हिस्सा निम्म्यावर गेला. शहरात फिलीज नावाचा जुना संघ होताच. मॅकने काय केले, तर जादा पगार देऊन त्यांचा सर्वोत्तम फलंदाज नॅप लाजोई उचलून आणला. प्रकरण कोर्टात गेले, पुढच्याच वर्षी लाजोई हातचा गेला. पण संघाचे नाव झाले. न्यूयॉर्कच्या जॉन मॅग्रॉने हा संघ म्हणजे पांढरा हत्ती ठरेल अशी खिल्ली उडवली, तेव्हा मॅकने हत्तीलाच संघाचे चिन्ह करून टाकले. आजही ॲथलेटिक्सचे चिन्ह हत्तीच आहे.

मॅनेजर म्हणून मॅकची रीत निराळी होती. तो गणवेश घालत नसे. सूट, टाय आणि हॅट अशा थाटात बाकावर बसून हातातल्या गुणपत्रिकेने क्षेत्ररक्षकांना इकडे-तिकडे सरकवी. आवाज चढवणे त्याला फारसे ठाऊक नव्हते. खेळाडूही त्याला मिस्टर मॅक म्हणत. होतकरू पोरे हेरण्यात तर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कॉलेजातल्या मुलांना त्याने आवर्जून संघात घेतले. कोलंबिया विद्यापीठातून आलेला एडी कॉलिन्स हा त्यांतला मेरुमणी. १९०९ मध्ये पोलाद व काँक्रीटचे शाइब पार्क उभे राहिले आणि १९१०, १९११ व १९१३ अशी तीन विजेतेपदे शहरात आली.

आता खरी गोष्ट सुरू होते. १९१४ मध्ये संघ ९९ सामने जिंकून पुन्हा लीगमध्ये पहिला आला. पण प्रेक्षक? आदल्या वर्षी हंगामभरात सुमारे ५ लाख ७२ हजार लोक आले होते. या वर्षी साडेतीन लाखांच्याही आत. रोज पुरणपोळी मिळाली की तिचे अप्रूप राहत नाही, तसेच काहीसे झाले असावे. त्यात फेडरल लीग नावाची तिसरी लीग निघाली आणि भरमसाट पगारांची आमिषे दाखवू लागली. ज्या वाटेने मॅक १९०१ मध्ये फिलीजच्या घरात शिरला होता, त्याच वाटेने आता दुसरे त्याच्या घरात शिरत होते. अंतिम मालिकेत बोस्टनकडून सलग चार सामन्यांत धुव्वा उडाला आणि मॅकचे मन उडाले. एडी प्लँक व चीफ बेंडर हे पिचर फेडरल लीगकडे गेले. कॉलिन्सला त्याने ५०,००० डॉलरला शिकागोला विकले. फ्रँक बेकर पगाराच्या वादातून १९१५ चा पूर्ण हंगाम घरी बसला आणि पुढे न्यूयॉर्कला विकला गेला. जॅक बॅरी बोस्टनला गेला.

परिणाम काय झाला? १९१५ मध्ये ४३ विजय आणि १०९ पराभव. १९१६ मध्ये ३६ आणि ११७. विजयाचे एवढे हलके प्रमाण १९०१ नंतर या दोन मोठ्या लीगमध्ये कोणत्याही संघाचे झालेले नाही. सलग सात वर्षे संघ शेवटचा राहिला. तिकडे बोस्टनने बॅरीला घेऊन १९१५ मध्ये, तर शिकागोने कॉलिन्सला घेऊन १९१७ मध्ये विजेतेपद मिळवले. फिलाडेल्फियाच्या गिरणीकामगाराने ते वर्तमानपत्रात वाचायचे! मॅकचे पगार वाचले खरे, पण १९१५ मध्ये प्रेक्षक दीड लाखांच्याही आत आले. हिशेब म्हणूनसुद्धा हा व्यवहार आतबट्ट्याचाच ठरला. या पहिल्या विक्रीबद्दल मी तरी मॅकला माफ करू शकत नाही. तिच्यात नाइलाज थोडा आणि रुसवा फार होता.

दुसऱ्या वेळची गोष्ट मात्र वेगळी आहे. १९२४ अखेर मॅकने लेफ्टी ग्रोव्ह या तरुण पिचरसाठी बाल्टिमोरला १,००,६०० डॉलर मोजले. कवडीचुंबक म्हणून ज्याला नावे ठेवली जात, त्याने केलेला हा खर्च बेब रूथसाठी न्यूयॉर्कने मोजलेल्या एक लाखाच्याही वर होता. मिकी कॉक्रेन, जिमी फॉक्स, ॲल सिमन्स असे हिरे त्याच सुमारास जमले. १९२९ व १९३० मध्ये विजेतेपद, १९३१ मध्ये लीगमध्ये पहिला क्रमांक. आणि हे सारे न्यूयॉर्ककडे रूथ व गेरिग असताना! १९२९ च्या अंतिम मालिकेत चौथ्या सामन्यात संघ आठ-शून्य असा मागे होता आणि एकाच डावात दहा धावा काढून तो जिंकला. फिलाडेल्फियाच्या म्हाताऱ्यांनी नातवंडांना सांगावी अशीच ती गोष्ट.

पण १९२९ म्हणजे मंदीचे वर्ष. गिरण्या, कारखाने ओस पडू लागले. त्यातून पेनसिल्व्हेनियात रविवारी तिकीट लावून बेसबॉल खेळायला कायद्याने बंदी होती. ती १९३३ अखेरच्या मतदानानंतरच उठली. आठवड्याचे सहा दिवस राबणाऱ्या माणसाने सामना बघायचा तरी कधी? १९२९ मध्ये सुमारे ८ लाख ३९ हजार प्रेक्षक आले होते, १९३३ मध्ये तीन लाखही आले नाहीत. न्यूयॉर्कच्या रूपर्टची दारूची भट्टी होती, बोस्टनच्या यॉकीला वारशाने गडगंज संपत्ती मिळाली होती. मॅकला दुसरा धंदा नव्हता. दारावरच्या गल्ल्यात पडेल त्यातूनच पगार निघायचे, आणि पगार लीगमधल्या मोठ्या पगारांत मोडणारे.

सप्टेंबर १९३२ मध्ये सिमन्ससह तिघे एक लाखाला शिकागोला गेले. डिसेंबर १९३३ मध्ये कॉक्रेन एक लाखाला डेट्रॉइटला, ग्रोव्हसह तिघे सव्वा लाखाला बोस्टनला. १९३५ अखेर दीड लाखाच्या सौद्यात फॉक्सही गेला. चार व्यवहारांत पावणेपाच लाख डॉलर आले आणि संघाचा सांगाडा उरला. कॉक्रेनच्या नेतृत्वाखाली डेट्रॉइटने १९३४ मध्ये लीग आणि १९३५ मध्ये अजिंक्यपद जिंकले.

इथे मी प्रेक्षकांच्या बाजूला जाऊन बसतो. मालकाची वही त्यांना कधी दिसत नाही. त्यांना दिसतो तो फक्त रिकामा झालेला मोहरा. तिकिटाचे दर तेच, बाक तेच, आणि समोर कालपर्यंत कुणी नाव न ऐकलेली पोरे. मंदीत पोटाला चिमटा घेऊन तिकीट काढणाऱ्याला बँकेच्या कर्जाची कहाणी सांगून काय उपयोग? त्याचेही घर कर्जातच होते.

या कटुतेवर मीठ चोळले ते एका भिंतीने. शाइब पार्कच्या उजव्या कुंपणापलीकडे विसाव्या रस्त्यावर घरांची रांग होती. कुंपण जेमतेम बारा फुटांचे असल्याने घरांच्या माड्यांवरून खेळ आयता दिसे. घरवाले गच्च्यांवर बाके मांडून स्वस्तात जागा विकत. १९३५ मध्ये मॅकच्या क्लबने त्या कुंपणावर पन्हाळी पत्रे ठोकून ते चौतीस फुटांवर नेले. गल्लीने त्याला आकसाची भिंत असे नाव ठेवले. ज्याने पैसे टाकून धंदा उभारला त्याने फुकट्यांना का दाखवावे, हा मॅकचा मुद्दा हिशेबाने बरोबर होता. पण तो कॉक्रेन, ग्रोव्ह खेळत असताना नव्हे, तर ते गेल्यावर सुचावा, याला काय म्हणावे?

पुढचे थोडक्यात सांगतो. १९३५ ते १९४६ या बारा वर्षांत संघ नऊ वेळा शेवटचा आला. मॅक ऐंशी ओलांडून गेला तरी बाकावर बसतच राहिला. मालकही तोच आणि मॅनेजरही तोच, तेव्हा त्याला काढणार कोण? १९५० अखेर सत्त्याऐंशीव्या वर्षी तो निवृत्त झाला. त्याचे ३,७३१ विजय हा विक्रम अबाधित आहे; पराभव त्याहूनही दोनशेवर जास्त आहेत. मग मुलांमध्ये मालकीवरून भांडणे झाली, क्लब गहाण पडला. १९५४ मध्ये संघ वाचवण्यासाठी शहरात मोहीम निघाली, पण त्या हंगामातही सुमारे तीनच लाख लोक आले. हिवाळ्याच्या तोंडावर संघ शिकागोच्या एका व्यापाऱ्याला विकला गेला आणि कॅन्सस सिटीला गेला. १९६८ मध्ये तो ओकलंडला पोहोचला. तिथेही एका मालकाने १९७६ मध्ये तीन खेळाडू ३५ लाख डॉलरला विकण्याचा घाट घातला होता. तो कमिशनरने रद्द केला. २०२४ च्या हंगामानंतर संघाने ओकलंडही सोडले.

मॅक ८ फेब्रुवारी १९५६ रोजी फिलाडेल्फियातच वारला. आदल्या हंगामात त्याचा संघ कॅन्सस सिटीत सहावा आला होता आणि तरीही तिथे १३ लाख ९३ हजार लोकांनी तो पाहिला होता. फिलाडेल्फियात विजेतेपदाच्या वर्षांतसुद्धा एका हंगामात कधी दहा लाख भरले नव्हते. शाइब पार्कला १९५३ पासून मॅकचे नाव दिले होते. तो गेला तेव्हा तिथे फिलीज खेळत होते, आणि विसाव्या रस्त्याकडची पत्र्याची भिंत तशीच उभी होती.