दोनदा हुकलेले वळण

निवृत्त माणसाने काय करावे, याचे उत्तर आपल्या समाजाने फार पूर्वीच ठरवून टाकले आहे. नातवंडे सांभाळावीत, तीर्थयात्रा कराव्यात, सकाळी फिरायला जावे आणि जमल्यास आठवणी लिहाव्यात. ब्रिगेडियर माइल्स स्मीटन आणि त्यांच्या पत्नी बेरिल यांनी यांपैकी शेवटचे काम तेवढे मनापासून केले. लष्करातली नोकरी संपल्यावर त्यांनी आधी जंगलात शेती केली. मग नौका चालवण्याचा कसलाही अनुभव नसताना त्यांनी शिडाची नौका विकत घेतली. पुढे दक्षिणेच्या ज्या महासागराने त्यांना दोनदा मरणाच्या दारातून परत पाठवले, त्याच महासागरात वयाची साठी उलटल्यावर ते पुन्हा उतरले. विसाव्या शतकातल्या हौशी दर्यावर्दींमध्ये या दांपत्याचे नाव आजही आदराने घेतले जाते. त्यांच्या आयुष्याचा पूर्वार्ध भारतीय सैन्याशी आणि हिंदुकुशच्या डोंगरांशी जोडलेला आहे, हे मात्र आपल्याकडे फारसे ठाऊक नाही.

माइल्स यांचा जन्म १९०६ चा. यॉर्कशायरच्या मातीतला हा तरुण ब्रिटिश पायदळातल्या ग्रीन हॉवर्ड्स या पलटणीत अधिकारी झाला आणि पुढे भारतीय घोडदळातल्या हॉडसन्स हॉर्स या रेजिमेंटमध्ये दाखल झाला. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटातील कामगिरीबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला. त्यानंतर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ते प्रोबिन्स हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे प्रमुख झाले. १९४५ साली मैक्तिलाच्या लढाईने जपानी फौजांचा कणा मोडला. त्या लढाईत याच रेजिमेंटचे शेरमन रणगाडे आघाडीवर होते. येथे त्यांना डीएसओ हा सन्मानही लाभला. फाळणीत हॉडसन्स हॉर्स भारताच्या वाट्याला आली आणि प्रोबिन्स हॉर्स पाकिस्तानच्या. ज्या सैन्यात माइल्स यांनी उमेदीची वर्षे घालवली होती, ते सैन्यच दुभंगले. चाळिशी नुकतीच ओलांडलेल्या या ब्रिगेडियरपुढे नवे आयुष्य उभारण्याखेरीज मार्ग उरला नव्हता.

बेरिल या माइल्स यांच्यापेक्षा काही महिन्यांनी मोठ्या. त्यांचा जन्म १९०५ मध्ये इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात, सैनिकी परंपरेच्या घरात झाला. पहिला विवाह एका लष्करी अधिकाऱ्याशी झाला, पण तो टिकला नाही. लष्करी छावणीतल्या चहापार्ट्यांत त्यांचा जीव रमत नसे. एकट्या स्त्रीने घराबाहेर पडणे युरोपातही भुवया उंचावणारे होते, त्या १९३० च्या दशकात त्या चीनमध्ये फिरल्या. ब्रह्मदेश आणि सयामच्या सीमेवरचे जंगल त्यांनी पायी तुडवले, तर दक्षिण अमेरिकेत अँडीजच्या पायथ्याने घोड्यावरून लांबलचक मजल मारली. सोबत सामान बेताचे, पैसा त्याहून बेताचा. १९३८ साली माइल्स आणि बेरिल यांचा विवाह झाला.

विवाहाच्या दुसऱ्याच वर्षी हे दोघे चित्रालमधल्या तिरिच मीर या ७,७०८ मीटर उंचीच्या शिखराच्या चढाईला गेले. हिंदुकुशचे हे सर्वोच्च शिखर तोवर अजिंक्य होते. त्यांच्या सोबतच्या शेर्पांमध्ये तेनझिंग नोर्गे नावाचा एक तरुण होता. चौदा वर्षांनी तो एव्हरेस्टवर उभा राहणार होता, याची त्या वेळी कोणालाच कल्पना नव्हती. शिखर काही हाती लागले नाही. ते सर करण्याचा मान पुढे १९५० मध्ये नॉर्वेच्या गिर्यारोहकांना मिळाला. पण अर्ध्यावरून परत फिरावे लागले तर त्यात लाज नाही, हा धडा दोघांनी तिथेच गिरवला असावा. पुढच्या आयुष्यात तो त्यांना अनेकदा उपयोगी पडला.

युद्ध चालू असतानाच बेरिल यांनी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सॉल्ट स्प्रिंग बेटावर जमीन घेऊन ठेवली होती. युद्धानंतर हे कुटुंब, म्हणजे दोघे आणि त्यांची एकुलती मुलगी क्लिओ, तिथे राहायला गेले. शेती कष्टाची होती आणि उत्पन्न तुटपुंजे. इंग्लंडमध्ये थोडा पैसा होता, परंतु युद्धोत्तर काळातल्या चलन-निर्बंधांमुळे तो देशाबाहेर नेता येत नव्हता. तेव्हा त्यांनी एक शक्कल काढली. इंग्लंडमध्ये नौका विकत घ्यायची, ती कॅनडापर्यंत चालवत न्यायची आणि तिथे विकून टाकायची. शक्कल मोठी नामी होती, पण त्या दोघांना नौकानयन येत नव्हते.

त्यांनी निवडलेल्या नौकेचे नाव होते ‘त्झू हांग’. १९३८ साली हाँगकाँगमध्ये सागवानात बांधलेली, ४६ फूट लांबीची, दोन डोलकाठ्यांची. करुणेची बौद्ध देवता क्वान-यिन हिच्याशी हे चिनी नाव जोडलेले आहे. क्वान-यिन म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराचेच चिनी रूप. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सातव्या लेण्यात भक्तांना आठ महाभयांतून तारणारा अवलोकितेश्वर कोरलेला आहे आणि त्या भयांमध्ये बुडणारे जहाजही आहे. स्मीटन यांच्या नौकेला हे नाव किती चपखल होते, ते पुढे दिसून आले. इंग्लंडहून अटलांटिक ओलांडून, पनामा कालव्यातून ही नौका कॅनडात सुखरूप पोहोचली. या प्रवासात ते नौकानयन शिकले. नौका विकण्याचा विचार मात्र मागे पडला तो कायमचाच.

१९५५ मध्ये ‘त्झू हांग’ने पॅसिफिक ओलांडण्यासाठी कॅनडा सोडले. वाटेत त्यांना जॉन गझवेल हा तरुण भेटला. जेमतेम वीस फुटांची ‘ट्रेक्का’ नावाची नौका स्वतःच्या हातांनी बांधून तो एकटाच जगप्रदक्षिणेला निघाला होता. तिघांचे सूर जुळले. पुढे क्लिओला शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्यात आले आणि आईवडिलांनी तिच्यामागोमाग समुद्रमार्गाने जायचे ठरवले. हा मार्ग केप हॉर्नवरून जाणारा होता. गझवेल यानेही आपली ‘ट्रेक्का’ न्यूझीलंडमध्ये ठेवून त्यांच्यासोबत जायचे ठरवले. डिसेंबर १९५६ मध्ये, ऑलिंपिकचा गजबजाट सरलेल्या मेलबर्नहून नौका निघाली. माणसे तीन आणि प्वे नावाची एक सयामी मांजर.

केप हॉर्न हे दक्षिण अमेरिकेचे अगदी खालचे टोक. नौदलाचे दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा हे नाव मराठी घरांत पोहोचले. त्या अक्षांशांवर वाऱ्याला अडवायला जमीनच नाही. वारा पृथ्वीभोवती मोकाट फिरतो आणि त्याच्यासोबत लाटाही हजारो मैल वाढत येतात. खलाशांच्या भाषेत चाळीस अंशांपलीकडचा पट्टा गर्जणारा आणि पन्नाशीपलीकडचा खवळलेला. पन्नाशीतले हे दांपत्य त्याच पन्नाशीच्या पट्ट्यात शिरले होते.

१४ फेब्रुवारी १९५७ ची सकाळ. केप हॉर्न अजून सुमारे हजार मैल दूर होते. वादळामुळे सगळी शिडे उतरवली होती. वेग आवरण्यासाठी जाड दोरखंड मागे सोडला होता आणि नौका वाऱ्याच्या पुढे धावत होती. सुकाणूवर बेरिल होत्या, माइल्स आणि गझवेल आत. मागून एक प्रचंड, जवळजवळ उभी लाट आली. तिने नौकेची मागची बाजू उचलली, पुढचे टोक पाण्यात खुपसले आणि ४६ फुटांची ती नौका कोलांटी खाऊन उलटली.

नौका पुन्हा सरळ झाली, तेव्हा दोन्ही डोलकाठ्या मोडून पडल्या होत्या. डेकवरची छोटी केबिन उखडली गेली होती आणि तिच्या जागी सुमारे सहा फूट लांबरुंद भगदाड पडले होते. आत गुडघ्यांच्याही वर पाणी होते. सुकाणूवर कोणीच नव्हते. बेरिल यांच्या कमरेची दोरी तुटली होती आणि त्या समुद्रात फेकल्या गेल्या होत्या. माइल्स वर आले, तेव्हा पत्नी काही अंतरावर पाण्यात दिसली. खांदा जबर दुखावलेला असतानाही बेरिल मोडक्या डोलकाठीच्या अवशेषांपर्यंत पोहत आल्या आणि दोघा पुरुषांनी त्यांना वर ओढून घेतले. आता सगळे संपले, असे माइल्स यांना त्या क्षणी वाटले होते. बेरिल यांनी मात्र वर येताच बादल्या कुठे आहेत ते आपल्याला माहीत असल्याचे सांगितले आणि पाणी उपसायला सुरुवात झाली.

या प्रसंगाची कथा सांगताना बहुतेक जण लाटेपाशी थांबतात. खरे तर ती तिथून पुढे सुरू होते. गझवेल हा उत्तम सुतार होता. नौकेच्याच आतल्या लाकडाच्या फळ्या आणि शिडाचे कापड वापरून त्याने भगदाड बुजवले, मग उरल्यासुरल्या लाकडातून तात्पुरती डोलकाठी उभी केली. माइल्स यांनी दिशा सांभाळली. खांदा आणि घोटा दुखावलेल्या बेरिल यांनी चूल पुन्हा पेटती केली. मांजरही वाचली होती. महिन्याहून अधिक काळाने ही लंगडी नौका कोणाच्याही मदतीवाचून चिलीच्या किनाऱ्याला लागली. तालकाहुआनोच्या नौदल गोदीत तिची दुरुस्ती झाली. गझवेल आपल्या ‘ट्रेक्का’कडे परतला आणि १९५९ मध्ये त्याने जगप्रदक्षिणा पूर्ण केली.

स्मीटन दांपत्य डिसेंबर १९५७ मध्ये पुन्हा केप हॉर्नच्या दिशेने निघाले. या वेळी फक्त दोघेच. पुन्हा वादळ आले. मागच्या वेळी वाऱ्यापुढे धावताना घात झाला होता, म्हणून या वेळी शिडे उतरवून, सुकाणू बांधून नौका लाटांवर सोडून देण्यात आली. नाताळाच्या सुमारास एका लाटेने तिला कुशीवरून पूर्ण फिरवले. डोलकाठ्या पुन्हा गेल्या. पुन्हा उपसणे, पुन्हा ठिगळे, पुन्हा चिलीचा किनारा. तिथून मात्र ‘त्झू हांग’ एका मालवाहू जहाजावर चढून इंग्लंडला गेली.

१९५९ मध्ये माइल्स यांचे ‘वन्स इज इनफ’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. एकदाच पुरे, अशा अर्थाचे हे शीर्षक. पुस्तकात मात्र नौका दोनदा उलटते. कादंबरीकार नेव्हिल शूट यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. वादळात धावावे की थांबावे, हा दर्यावर्दींचा जुना वाद. एकाच नौकेने दोन्ही उपाय करून पाहिले आणि दोन्ही वेळा ती उलटली, ही नोंद त्या वादात फार मोलाची ठरली. माइल्स यांनी स्वतःच्या चुका झाकल्या नाहीत, म्हणूनच ती मोलाची ठरली.

तरीही एक प्रश्न उरतो. शाळकरी मुलगी इंग्लंडमध्ये वाट पाहत असताना, एकदा मरणाच्या तोंडातून सुटल्यावर आईवडिलांनी पुन्हा त्याच वाटेने जावे का? हे धाडस की हट्ट? वाचकाने आपला निर्णय आपणच करायचा आहे. एवढे खरे, की दुसऱ्या खेपेनंतर त्यांनी तिसऱ्यांदा लगेच उडी घेतली नाही. केप हॉर्न त्यांनी बाजूला ठेवले आणि तब्बल दहा वर्षे ते इतरत्र फिरत राहिले. भूमध्य समुद्र, सुएझ, तांबडा समुद्र, हिंदी महासागर, आग्नेय आशिया, जपान. तिथून धुक्यात हरवलेल्या अल्युशियन बेटांच्या कडेने पुन्हा कॅनडा. कधी किनाऱ्याकिनाऱ्याने, कधी महिनोन्‌महिने भर समुद्रात. प्रत्येक प्रवासातून माइल्स यांचे एकेक पुस्तक निघत गेले आणि पुस्तकांच्या मानधनाचा प्रवासाला हातभार लागत गेला.

डिसेंबर १९६८ मध्ये बॉब नान्स या तरुण सोबत्यासह ‘त्झू हांग’ पुन्हा दक्षिणेला उतरली. या वेळी पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध, जुन्या खलाशांच्या मते अधिक कठीण दिशेने. नौका केप हॉर्न ओलांडून गेली. ना कोलांटी, ना मोडलेली डोलकाठी. बेरिल ६३ वर्षांच्या होत्या, माइल्स ६२ वर्षांचे. अकरा वर्षे राहून गेलेले वळण पूर्ण झाले.

त्यानंतर त्यांनी समुद्र सोडला. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात, समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या कोक्रेन गावाजवळ त्यांनी जमीन घेतली आणि १९७१ मध्ये वन्यजीवांसाठी एक संस्था सुरू केली. आपल्याकडच्या खोकडाच्या भावकीतला स्विफ्ट फॉक्स हा चिमुकला प्राणी कॅनडाच्या गवताळ प्रदेशातून नाहीसा झाला होता. स्मीटन दांपत्याने अमेरिकेतून काही जोड्या आणून त्यांची पैदास सुरू केली. १९७८ मध्ये कॅनडातून नामशेष म्हणून नोंदवलेला हा प्राणी १९८३ पासून पुन्हा माळरानावर सोडण्यात येऊ लागला. ते पाहायला बेरिल नव्हत्या. १९७९ मध्ये त्यांचे निधन झाले होते. माइल्स १९८८ मध्ये गेले. संस्थेचे काम पुढे क्लिओने चालवले.

‘त्झू हांग’चा शेवट मात्र तिला शोभणारा झाला नाही. विकल्यानंतर ती अमली पदार्थांच्या तस्करांच्या हाती लागली. अमेरिकी यंत्रणांनी तिला पकडून पोर्तो रिको बेटावर ठेवले. तिथे १९८९ च्या ह्यूगो चक्रीवादळात तिची मोडतोड झाली आणि पुढे ती नष्ट करण्यात आली. केप हॉर्नच्या लाटांना दोनदा पुरून उरलेली सागवानी नौका बंदरात बेवारस पडून संपली. स्विफ्ट फॉक्सची कहाणी मात्र वेगळी झाली. १९९८ मध्ये त्याची नोंद नामशेष यादीतून संकटग्रस्त यादीत आली आणि २००९ मध्ये त्याचा धोका आणखी एक पायरी कमी झाल्याचे नोंदवले गेले. कॅनडाच्या गवताळ प्रदेशात तो आज पुन्हा वावरतो आहे.