रामशास्त्री प्रभुणे
रामशास्त्री प्रभुणे (मृत्यू : इ.स. १७८९) हे अठराव्या शतकातील पेशवाईचे मुख्य न्यायाधीश आणि धर्मशास्त्राचे जाणकार होते. थोरले माधवराव पेशवे यांच्या कारकिर्दीत पुण्याच्या न्यायखात्याची घडी बसविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. तथापि त्यांचे नाव आजही घेतले जाते ते मुख्यतः एका खटल्यामुळे. इ.स. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांची हत्या झाली. तिच्या चौकशीत त्यांनी सत्तेवर बसलेल्या रघुनाथराव पेशव्यांनाच दोषी ठरविले आणि त्यानंतर पदत्याग केला.

बालपण आणि शिक्षण
रामशास्त्री यांचे मूळ गाव साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा या नद्यांच्या संगमावर वसलेले क्षेत्र माहुली होय. त्यांचे लहानपण गरिबीत गेले. पोरवयात विद्याभ्यास न घडल्यामुळे ते साताऱ्यातील एका सावकाराच्या घरी कामाला होते, अशी परंपरागत माहिती आहे. धन्याच्या पायावर पाणी घालताना त्यांची नजर त्याच्या कानातील मोत्यांवर खिळली. त्यावरून टाकून बोलले गेल्याने त्यांनी काशीची वाट धरली, अशी आख्यायिका सांगितली जाते. तिच्या तपशिलाला कागदाचा आधार नसला, तरी त्यांचे अध्ययन उशिरा सुरू झाले आणि ते काशीत झाले याविषयी चरित्रकारांचे एकमत आहे. काशीत प्रसिद्ध पंडित बाळंभट्ट पायगुंडे यांच्याकडे त्यांनी धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले. पुण्यास परतल्यावर इ.स. १७५१ च्या सुमारास त्यांचा पेशव्यांच्या शास्त्रीमंडळात प्रवेश झाला आणि इ.स. १७५९ मध्ये ते मुख्य न्यायाधीश झाले.

न्यायाधीश म्हणून कार्य
त्या काळी बहुतेक तंटे गावच्या पंचायतीपुढे किंवा गोतसभेपुढे मिटत. तेथे निकाल न लागल्यास फिर्याद मामलेदार, सरसुभेदार आणि शेवटी हुजुरात, म्हणजे पुण्यास, जाई. वादी व प्रतिवादी यांच्या तक्रिरी लिहून घेणे, निवाडा मान्य करण्याविषयी दोघांकडून राजीनामे व जामीन घेणे, जुने कागद व साक्षी तपासणे आणि अखेर निवाडपत्र देणे असा कामाचा क्रम असे. जिंकणाऱ्याकडून हरकी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी या नावाने सरकार रक्कम घेई. शास्त्रार्थासाठी मिताक्षरा आणि व्यवहारमयूख या ग्रंथांचा आधार घेतला जाई. या पद्धतीत दरबारातील वजनदार माणसांच्या हस्तक्षेपाला पुष्कळ वाव होता. रामशास्त्री यांनी कोणाचा मुलाहिजा न ठेवता निवाडे केले आणि त्यामुळे पुण्याच्या न्यायसभेविषयी लोकांत विश्वास निर्माण झाला.

त्यांची राहणी अत्यंत साधी होती. एका दिवसास पुरेल त्याहून अधिक शिधा ते घरात ठेवीत नसत, असे ग्रँट डफ या ब्रिटिश इतिहासकाराने नोंदविले आहे. ज्याच्यापाशी जपण्यासारखे काही नाही, त्याला लालूच किंवा धाक दाखविणे कठीण जाते. त्यांच्या निःस्पृहतेचा हा व्यावहारिक पाया होता.

माधवराव पेशव्यांशी त्यांचे संबंध आदराचे होते, पण मिंधेपणाचे नव्हते. माधवराव काही काळ जपजाप्य व अनुष्ठानात फार वेळ घालवू लागले आणि राज्यकारभाराची कामे अडून राहू लागली. तेव्हा रामशास्त्री यांनी काशीस जाण्यासाठी निरोप मागितला. कर्मकांडच करायचे असेल, तर पेशव्यांनीही गादी सोडून गंगाकाठी चलावे. गादीवर राहायचे असेल, तर प्रजेचे पालन हाच त्यांचा धर्म होय, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. माधवरावांनी तो मानला आणि अनुष्ठाने आटोपती घेतली.

नारायणराव पेशव्यांची हत्या
माधवरावांचे चुलते रघुनाथराव ऊर्फ राघोबादादा यांना पेशवेपदाची आकांक्षा होती. इ.स. १७६८ मध्ये नाशिक प्रांतातील धोडप किल्ल्याजवळ माधवरावांनी त्यांचा पराभव करून त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे माधवरावांचे निधन झाले आणि त्यांचे धाकटे बंधू नारायणराव सतराव्या वर्षी पेशवे झाले. चुलत्या-पुतण्यांतील समेट टिकला नाही आणि रघुनाथराव पुन्हा वाड्यातच अटकेत पडले.

भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, शके १६९५, म्हणजे ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सव चालू असताना, थकलेल्या पगाराचे निमित्त करून गारदी वाड्यात घुसले. सुमेरसिंग हा त्यांचा म्होरक्या होता. नारायणराव जीव वाचविण्यासाठी चुलत्याच्या दालनात धावले व त्यांना बिलगले. तेथेच त्यांना ठार करण्यात आले. त्यांना वाचवू पाहणारा सेवक चापाजी टिळेकर हाही मारला गेला. पेशव्यांचे वय त्या वेळी अवघे अठरा वर्षांचे होते.

चौकशी आणि निर्णय
हत्येनंतर सत्ता रघुनाथरावांकडे गेली. ज्यांच्या इशाऱ्यावर गारदी आले असा संशय होता, तेच आता राज्याचे धनी होते आणि न्यायाधीश त्यांचे नोकर होते. अशा स्थितीत रामशास्त्री यांनी चौकशी चालविली. ग्रँट डफच्या म्हणण्याप्रमाणे ती सुमारे सहा आठवडे चालली. रघुनाथरावांनी सुमेरसिंगाला दिलेला लेखी हुकूम हा या तपासाचा मुख्य दुवा ठरला. आपण पुतण्यास केवळ धरण्याची आज्ञा दिली होती, असा रघुनाथरावांचा बचाव होता. हुकमातील ‘धरावे’ या शब्दाचे ‘मारावे’ करण्यात आले आणि हा बदल रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाई यांनी केला, अशी हकीकत पुढे रूढ झाली. ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार तिच्यावरूनच आला. मूळ कागद आज उपलब्ध नसल्यामुळे आनंदीबाईंवरील आरोप निर्णायकपणे सिद्ध होत नाही. शिवाय, केवळ धरण्याचा हुकूम खरा मानला, तरी सशस्त्र गारद्यांना गादीवरील पेशव्यावर सोडण्याची जबाबदारी त्याने टळत नाही.

रघुनाथरावांनी या पापास प्रायश्चित्त काय, असे विचारले असता रामशास्त्री यांनी देहान्त प्रायश्चित्त हेच शास्त्रसंमत असल्याचे सांगितले. निर्णय अमलात आणण्याचे कोणतेही साधन न्यायाधीशाच्या हाती नव्हते. फौज, खजिना आणि वाडा ही सारी आरोपीच्या ताब्यात होती. तेव्हा रघुनाथरावांच्या राज्यात चाकरी करणार नाही असा निश्चय करून रामशास्त्री यांनी पुणे सोडले आणि ते वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले.

परिणाम
या निर्णयाने रघुनाथरावांना शासन झाले नाही, पण त्यांच्या सत्तेचा नैतिक आधार नाहीसा झाला. नाना फडणवीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके आदी मुत्सद्द्यांनी बारभाईंचे कारस्थान उभारले. नारायणरावांच्या गरोदर पत्नी गंगाबाई यांना पुरंदर किल्ल्यावर नेण्यात आले. तेथे १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि त्यांच्या नावे कारभार सुरू झाला. रघुनाथराव गुजरातेकडे पळाले. ६ मार्च १७७५ रोजी त्यांनी सुरत येथे इंग्रजांशी तह केला आणि त्यातून पहिले इंग्रज-मराठा युद्ध ओढवले. इ.स. १७८२ च्या सालबाईच्या तहाने युद्ध संपले आणि रघुनाथरावांना वार्षिक नेमणुकीवर समाधान मानावे लागले. इ.स. १७८३ मध्ये कोपरगाव परिसरात त्यांचा मृत्यू झाला.

उत्तरायुष्य
बारभाईंच्या आग्रहावरून रामशास्त्री पुण्यास परतले आणि त्यांनी न्यायाधीशपद पुन्हा स्वीकारले. नव्या कारभाऱ्यांशीही त्यांनी पूर्वीचाच बाणा राखला. श्रावणमासातील दक्षिणा वाटपाच्या वेळी त्यांच्या विशेष न शिकलेल्या बंधूंना नाना फडणवीस मोठी रक्कम देऊ लागले. तेव्हा इतर सामान्य ब्राह्मणांइतकीच दक्षिणा द्यावी, असा रामशास्त्री यांनी आग्रह धरल्याची हकीकत सांगितली जाते. इ.स. १७८९ मध्ये त्यांचे निधन झाले.

साहित्य आणि चित्रपटांतील चित्रण
कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘भाऊबंदकी’ (१९०९) या नाटकात रामशास्त्री आणि रघुनाथराव यांचा संघर्ष केंद्रस्थानी आहे. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने इ.स. १९४४ मध्ये ‘रामशास्त्री’ हा चित्रपट काढला. गजानन जागीरदार यांनी त्यात प्रमुख भूमिका केली. दिग्दर्शनात जागीरदार, विश्राम बेडेकर आणि राजा नेने यांचा सहभाग होता. आनंदीबाईंची भूमिका ललिता पवार यांनी केली. राजकीय हत्या, तिच्यामागील कट आणि त्याचा तपास हे या चित्रपटाच्या उत्तरार्धाचे सूत्र आहे. प्रत्यक्ष सत्ताधीशाविरुद्ध उभ्या राहिलेल्या न्यायाधीशाचे हे चित्र परकीय राजवटीत पडद्यावर आले, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

वारसा
निःपक्षपातीपणासाठी ‘रामशास्त्री बाणा’ हा शब्दप्रयोग मराठीत रूढ आहे. रामशास्त्री यांचा निर्णय अमलात आला नाही, तरी न्यायाधीशाने तो दिला आणि त्याची किंमत स्वतः मोजली, म्हणून तो लोकांच्या स्मरणात राहिला. सत्ताधीशही कायद्याच्या कक्षेत येतो या तत्त्वाचे मराठी इतिहासातील सर्वपरिचित उदाहरण म्हणून या खटल्याचा उल्लेख केला जातो.