डेव्हिड कर्काल्डी : मोडून पाहणारा माणूस

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा माझ्याकडून काय अपेक्षा असणार हे मला ठाऊक होतं. एक तर सोसायटीच्या सुरुवातीच्या दिवसांच्या आठवणी, नाहीतर बँकेतले किस्से. दोन्ही तुम्ही गणपतीच्या मांडवात आणि पार्किंगमधल्या बाकावर पुष्कळ वेळा ऐकलेले आहेत. म्हणून या वेळी एका परक्या माणसाची गोष्ट सांगतो. तो १८९७ साली वारला. आपल्या इमारतीशी त्याचा काय संबंध, ते शेवटी सांगेन. ते सांगायला मला थोडा धीर गोळा करावा लागला आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता मुलीकडे लंडनला गेलो होतो. जावईबापू सिव्हिल इंजिनिअर. त्यांनी मला राजवाडा वगैरे दाखवलाच, पण एका रविवारी थेम्स नदीच्या दक्षिणेला साउथवर्क स्ट्रीटवर ९९ नंबरच्या इमारतीत नेलं. बाहेरून जुनी, चार मजली, आपल्याकडच्या फोर्टमधल्या एखाद्या पेढीसारखी. दारावर दगडात अक्षरं कोरलेली. अर्थ एवढाच, की इथे मतं चालत नाहीत, वस्तुस्थिती चालते. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हे वाचून बरं वाटलं.

आत तळमजल्यावर एक आडवं, अजस्र यंत्र आहे. लांबी ४७ फुटांहून अधिक, वजन ११६ टन. एका टोकाला पाण्याच्या दाबाने ओढणारा दट्ट्या, दुसऱ्या टोकाला तराजूसारखी तरफांची रचना. मध्ये लोखंडाचा तुकडा अडकवायचा आणि तो तुटेपर्यंत ओढायचा. किती वजनाला तुटला, ते तराजू सांगतो. सुमारे ४५० टनांपर्यंत ताण देण्याची त्याची ताकद. आमच्यासमोर तिथल्या स्वयंसेवकांनी एक छोटी सळई तोडून दाखवली. तुटताना जो आवाज झाला, त्याने आमची सौ. दचकून दोन पावलं मागे सरकली. हे यंत्र ज्याने बनवलं, तो डेव्हिड कर्काल्डी.

कर्काल्डीचा जन्म १८२० सालचा, स्कॉटलंडमधल्या डंडी शहराजवळचा. वडील व्यापारी. शिक्षणानंतर काही दिवस तो वडिलांच्या कचेरीत बसला, पण तिथे त्याचं मन रमलं नाही. १८४३ मध्ये तो ग्लासगोला रॉबर्ट नेपियर यांच्या कारखान्यात उमेदवार म्हणून लागला. नेपियर म्हणजे त्या काळचे मोठे जहाजबांधणीवाले. कारखान्यातून तो नकाशे काढण्याच्या खात्यात गेला आणि तिथला मुख्य ड्राफ्ट्समन झाला. त्याचा हात इतका देखणा होता, की पर्शिया नावाच्या आगबोटीची त्याने काढलेली रेखाटनं लंडनच्या रॉयल अकॅडमीत चित्रांच्या शेजारी लागली.

पण देखण्या नकाशावर त्याचं समाधान होईना. जहाजाला, बॉयलरला लोखंड लागायचं आणि ते चांगलं की वाईट हे ठरायचं कशावरून? विकणाऱ्याच्या शब्दावरून, कारखान्याच्या नावावरून, नाहीतर जुन्या मिस्त्रीच्या अंदाजावरून. नेपियर यांच्याकडे असतानाच, १८५८ पासून तीनेक वर्षं, त्याने घडीव लोखंडाचे आणि पोलादाचे तुकडे ओढून, तोडून मोजायला सुरुवात केली. किती वजनाला तुटलं एवढंच नव्हे, तर तुटण्याआधी किती लांबलं, तुटलं तिथे किती बारीक झालं, तुटलेला भाग कसा दिसतो, सगळी नोंद. १८६२ मध्ये त्याने हे निष्कर्ष पुस्तकरूपाने छापले.

त्यातला एक मुद्दा मला फार आवडला. तुटलेल्या भागात साखरेसारखे दाणे दिसले की लोखंड वाईट, आणि दोरासारखे तंतू दिसले की चांगलं, असा तेव्हाचा पक्का समज. कर्काल्डीने दाखवून दिलं, की तेच लोखंड हळूहळू ओढलं तर तंतू दिसतात आणि झटक्यात तोडलं तर दाणे दिसतात. म्हणजे अपघातानंतर नुसता तुकडा हातात घेऊन निकाल देणारे जाणकार चुकू शकत होते. डोळ्यांना दिसतं ते खरं असतं, पण त्यावरून काढलेला अर्थ खरा असेलच असं नाही.

१८६१ मध्ये त्याने नोकरी सोडली. वय ४१, पुढची मिळकत अनिश्चित. आपल्या मनातलं यंत्र कागदावर उतरवण्यात त्याने दोनेक वर्षं घालवली, १८६३ मध्ये पेटंट घेतलं आणि लीड्सच्या ग्रीनवुड अँड बॅटली या कारखान्याकडून ते करवून घेतलं. १ जानेवारी १८६६ रोजी लंडनच्या साउथवर्क भागात त्याने आपलं परीक्षण केंद्र उघडलं. १८७४ मध्ये ते आम्ही पाहिलेल्या इमारतीत आलं. कुणीही यावं, आपलं लोखंड, दगड, साखळी, दोर आणावा, शुल्क भरावं आणि खरा आकडा घेऊन जावं. जर्मनीतला क्रुप कारखाना त्याच्याकडे पोलाद पाठवायचा. अमेरिकेत मिसिसिपी नदीवर सेंट लुईस इथे झालेल्या मोठ्या पुलाचं पोलादही त्याने तपासलं. माणूस स्वभावाने सोपा नव्हता. हेकट होता, श्रेयावरून भांडायचा. पण आकडा कुणाच्या सोयीने फिरवेल अशी त्याची ख्याती नव्हती.

आता मुख्य प्रसंग. डंडी शहर टे नदीच्या रुंद खाडीकाठी आहे. या खाडीवर सर टॉमस बाउच यांनी जवळजवळ दोन मैल लांबीचा रेल्वे पूल बांधला. तेव्हा तो जगातला सर्वांत लांब. १८७८ च्या जून महिन्यात वाहतूक सुरू झाली, पुढच्या वर्षी राणी व्हिक्टोरिया त्यावरून गेली आणि बाउच यांना सर ही पदवी मिळाली. २८ डिसेंबर १८७९, रविवार. संध्याकाळी सातच्या सुमारास भयंकर वादळात एडिंबराकडून येणारी गाडी पुलावर चढली. पुलाचे मधले १३ उंच गाळे कोसळले आणि त्यांच्याबरोबर संपूर्ण गाडी खाडीत गेली. एकही माणूस वाचला नाही.

जो तो आपापलं कारण सांगू लागला. कुणी म्हणे वाऱ्यापुढे कुणाचं काय चालणार. कुणी म्हणे लोखंडच हलकं वापरलं. बाउच यांच्या बाजूने मांडलं गेलं, की डबे आधी रुळावरून घसरले आणि पुलावर आपटले, त्यामुळे पूल पडला. सरकारने तीन जणांचं चौकशी न्यायालय नेमलं. पाण्यातून आणि खांबांच्या पायथ्यातून काढलेले तुकडे तपासायला लंडनला कर्काल्डीकडे आले. ज्या शहराजवळ तो जन्मला, त्याच शहराच्या पुलाचे तुकडे त्याच्या यंत्रात लागले. त्याला काय वाटलं असेल, हा विचार तिथे उभा असताना माझ्या मनात आला. पण त्याच्या यंत्राला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं.

पुलाची रचना सोप्या भाषेत सांगतो. उंच गाळ्यांखालचा प्रत्येक पाया म्हणजे बिडाच्या सहा पोकळ खांबांचा जुडगा. खांब एकमेकांना धरून राहावेत म्हणून घडीव लोखंडाच्या तिरप्या पट्ट्या. या पट्ट्या खांबाला जोडायच्या कशा? कढईला जसे कान असतात, तसे खांब ओततानाच त्याला बिडाचे कान ठेवलेले. कानाच्या भोकातून बोल्ट घालून पट्टी अडकवायची. म्हणजे बाजूने वारा आला की सगळा भार शेवटी त्या कानांवर.

कर्काल्डीचे आकडे आले. बीड चांगलं होतं. घडीव लोखंड चांगलं होतं. बोल्टही चांगले होते. म्हणजे माल हलका वापरला ही ओरड तितकीशी खरी नव्हती. पण खांबांचे खालचे कान, वरवर धडधाकट दिसणारेसुद्धा, सुमारे २० टनांच्या ताणाला तुटले. अपेक्षा याहून पुष्कळ जास्तीची होती. १४ कान तपासले, त्यांतले ४ तर मुळातच सदोष निघाले. भोकं ओतताना निमुळती झाली होती. बोल्ट संपूर्ण भोकात टेकण्याऐवजी एका कडेवर टेकत होता आणि सगळा जोर तिथे एकवटत होता. माल चांगला, जोड वाईट.

चौकशीत आणखीही गोष्टी बाहेर आल्या. बाउच यांनी वाऱ्याच्या दाबाचा वेगळा हिशेब धरलाच नव्हता. ओतशाळेत बिडाला पडलेली छिद्रं मेण, राळ, लोखंडाचा कीस आणि काजळी यांच्या लगद्याने बुजवली जात. वरून हात फिरवला की कळायचंसुद्धा नाही. आणि पुलाच्या देखभालीवर नेमलेला निरीक्षक मूळचा गवंडीकामातला, लोखंडी कामाची माहिती नसलेला. पट्ट्या सैल होऊन खडखडतात हे त्याने ऐकलं होतं. त्याने काय केलं? फटीत लोखंडाच्या चिपा ठोकल्या. आवाज बंद झाला. बाउच यांना त्याने तेव्हा कळवलं नाही.

१८८० च्या जून अखेरीस अहवाल आला. आराखडा, बांधणी आणि देखभाल तिन्ही वाईट, आणि मुख्य जबाबदारी बाउच यांची, असा ठपका आला. ऑक्टोबरमध्ये बाउच वारले. त्यानंतर ब्रिटनमध्ये पुलांसाठी वाऱ्याचा दाब दर चौरस फुटाला ५६ पौंड धरण्याचा दंडक झाला. टेवरचा नवा पूल १८८७ मध्ये सुरू झाला, तो आजही चालू आहे. कर्काल्डीचं केंद्र त्याच्यानंतर मुलाने आणि मग नातवाने चालवलं. १९५४ मध्ये कोसळलेल्या कॉमेट विमानाचे तुकडेही तिथे तपासले गेले. आता ते संग्रहालय आहे.

आता आपल्या इमारतीकडे येतो. सोसायटीच्या अकराव्या वर्षी मी खजिनदार होतो. स्टिल्टमध्ये, बी विंगच्या जिन्याजवळच्या खांबाला उभी चीर दिसली. कमिटीत एक-दोघांनी इंजिनिअरला दाखवू असं सुचवलं. मी खर्चाचा हिशेब मांडला, ओळखीच्या मिस्त्रीला बोलावलं, चीर बुजवून प्लॅस्टर केलं, वर रंग दिला. तीन हजारांत काम झालं. वार्षिक सभेत काटकसरीबद्दल माझं अभिनंदन झालं, ते मी घेतलं.

पाच वर्षांनी नियमाप्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट झालं. तोवर प्लॅस्टर फुगलं होतं. सभेत सगळ्यांनी एकमुखाने बिल्डरला शिव्या घातल्या. खारी वाळू वापरली, सिमेंट खाल्लं, वगैरे. त्यात माझाही आवाज मोठा होता. मग खांबाचा कोअर काढून प्रयोगशाळेत गेला. काँक्रीटची ताकद पुरेशी निघाली, क्षारही मर्यादेत. गंजल्या होत्या त्या आतल्या सळया, कारण वरच्या बाथरूमच्या पाइपचा जोड वर्षानुवर्षं त्या खांबावर गळत होता. चीर दिसली तेव्हाच तपासली असती, तर पाइपचा जोड बदलून थोडक्यात भागलं असतं. मी ती झाकली, आणि आत पाच पावसाळे गंज वाढत राहिला. शेवटी टेकू लावून खांबाचं जॅकेटिंग करावं लागलं. प्रत्येक फ्लॅटमागे अठरा हजार भरावे लागले, काही पेन्शनरांनी ते हप्त्याने भरले. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. पण त्या खांबाजवळ मुलं क्रिकेट खेळायची. माझा नातूसुद्धा.

अहवाल वाचला गेला, खर्च मंजूर झाला, पण ते प्लॅस्टर कुणाच्या सांगण्यावरून झालं, हे त्या सभेत कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. साउथवर्कच्या त्या तळमजल्यावर ओतशाळेतल्या लगद्याची आणि निरीक्षकाच्या चिपांची गोष्ट ऐकली, तेव्हा जावईबापूंनी मला बरं वाटत नाही का म्हणून विचारलं. म्हणून आज छापून सांगतो आहे.

पंचवीस वर्षांची इमारत म्हणजे म्हातारी नव्हे, पण दरवर्षी तपासणी करून घ्यावी असं वय झालं. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि त्यापुढे दर ३ वर्षांनी ऑडिट करायचं असतं, ते आपण चुकवू नये. ऑडिटचे अहवाल कपाटात कुलूपबंद न ठेवता प्रत्येक सभासदाला वाचायला मिळावेत. आणि कुठे चीर, ओल, गंजाचा डाग दिसला, तर आधी तारखेसह फोटो काढावा, कमिटीला लेखी कळवावं, तपासून घ्यावं आणि मगच रंगाचा डबा उघडावा. दोष कुणाचा, हे त्यानंतर ठरवता येतं. कधी तो आपला स्वतःचाही निघतो.

नवीन कमिटीतल्या तरुण मंडळींना आणि सर्व कुटुंबांना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा. बी विंगच्या जिन्याजवळचा तो खांब आता मजबूत आहे. येता-जाता मी त्याच्यावर एक नजर टाकतोच. तुम्हीही टाकत जा.