शिट्टी ऐकू न येणाऱ्यांचे मैदान

जुन्नर-आंबेगावच्या यात्रांमध्ये बैलगाडा घाटात गर्दीच्या गोंगाटात कानांवर कोणी विसंबत नाही. सगळ्यांचे डोळे झेंड्याकडे असतात. तेवढ्या क्षणापुरता ऐकू येणारा आणि न येणारा यांच्यात फरक उरत नाही. हा फरक खेळाच्या मैदानावरून पुसून टाकण्यासाठी फ्रान्समधल्या एका कर्णबधिर माणसाने आयुष्य वेचले. त्यांचे नाव युजीन रुबेन्स-अल्के.

त्यांचा जन्म १८८४ चा, दक्षिण फ्रान्समधल्या सेंट-जाँ-दु-गार गावचा. काळ कर्णबधिरांसाठी कठीण होता. त्याआधी चारच वर्षांपूर्वी, १८८० मध्ये, इटलीतल्या मिलान शहरात शिक्षकांची परिषद भरली आणि मूकबधिर शाळांत खुणांऐवजी बोलण्यावरच भर द्यावा, असा ठराव झाला. ठराव करणारे जवळजवळ सगळेच ऐकू येणारे होते. त्यानंतर अनेक शाळांत हातांनी बोलणे हा गुन्हा ठरला. जी भाषा मुलांना सहज येत होती, तीच वर्गाबाहेर काढली गेली.

अल्के मोठेपणी पॅरिसमध्ये मेकॅनिक झाले. सायकल हे त्यांचे वेड. कर्णबधिर तरुणांना एकत्र आणायचे तर मैदानासारखी जागा नाही, हे त्यांना उमगले. १९१४ मध्ये त्यांनी कर्णबधिर खेळाडूंसाठी नियतकालिक काढले आणि १९१८ मध्ये त्यांचा राष्ट्रीय क्रीडासंघ उभा केला.

१९२४ च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये ऑलिंपिक पार पडले. पाठोपाठ १० ते १७ ऑगस्टदरम्यान त्याच शहरात अल्के यांनी कर्णबधिरांची पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवली. ९ देशांतले १४८ खेळाडू आले. त्यांत महिला एकच. स्पर्धा सुरू असतानाच आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. अल्के अध्यक्ष झाले आणि १९५३ पर्यंत ते पद सांभाळत राहिले. बेल्जियमचे आंत्वान द्रेस हे या कामातले त्यांचे जवळचे सहकारी. १९५५ मध्ये ऑलिंपिक समितीने या संघटनेला मान्यता दिली. १९६३ मध्ये अल्के गेले. त्यांची स्पर्धा आज डेफलिंपिक्स या नावाने ओळखली जाते. २०२५ मध्ये ती टोकियोत झाली. तिथे धावण्याची शर्यत पिस्तुलाच्या आवाजावर नव्हे, दिव्याच्या इशाऱ्यावर सुटते. स्पर्धेच्या वेळी श्रवणयंत्र काढून ठेवावे लागते, म्हणजे सगळे एकाच पातळीवर येतात.

अल्के यांनी मैदानावर जे ओळखले, त्याला वैद्यकशास्त्रातही आधार आहे. ऐकण्याचे आणि तोल सांभाळण्याचे अवयव आतल्या कानात शेजारी-शेजारी असतात. मेंदूज्वरासारख्या आजारात दोन्हींना इजा होऊ शकते. अशी काही मुले उशिरा चालायला लागतात, अंधारात अडखळतात. तोल साधणारे खेळ त्यांना मदत करतात. खेळाने बहिरेपण बरे होत नाही आणि खेळ श्रवणयंत्राची जागाही घेत नाही. पण ज्या मुलाशी घरात कोणी नीट बोलत नाही, त्याला खेळात सोबती मिळतात, पाळी कळते, हरणे-जिंकणे कळते आणि सांगण्यासारखे काहीतरी मिळते. एकटेपणावर याहून स्वस्त औषध नाही.

त्यासाठी पॅरिसला जावे लागत नाही. घोडेगाव-मंचरच्या शाळेपासून आदिवासी पाड्यांपर्यंत कुठल्याही मैदानावर हे जमते. खो-खोमध्ये तोंडाने खो म्हणताना पाठीला हातही लागतोच. तो स्पर्श कर्णबधिर मुलाला पुरतो. कबड्डीत पंचांनी शिट्टीबरोबर रुमाल उंचावला, धावण्याच्या शर्यतीत झेंडा खाली आणला आणि संघातल्या सगळ्यांनी दहा-बारा खुणा शिकून घेतल्या, की कडेला बसलेले मूल आत येते.

त्याआधीची पायरी तपासणीची. मोठ्या आवाजाला बाळ दचकत नसेल, वर्षाचे होऊनही नावाला वळून पाहत नसेल, तर अंगणवाडी किंवा शाळेतल्या आरोग्य तपासणीत ते सांगावे आणि कानाची तपासणी लवकर करून घ्यावी. भाषा शिकण्याची पहिली वर्षे परत येत नाहीत, मग ती भाषा ओठांची असो वा हातांची.

मिलानच्या ठरावाने जे मुलांकडून काढून घेतले, त्यातले बरेच काही अल्के यांनी मैदानावर परत मिळवून दिले. आपल्या गावच्या मैदानावर ते पोहोचवणे एका झेंड्याचे काम आहे.