दुभाष्याच्या मनातलं

6 फेब्रुवारी : संत गोन्सालो गार्सिया, हुतात्मा
आजचं वाचन : मत्तय 28:16-20



आजच्या वाचनात अकरा शिष्य गालीलातल्या डोंगरावर येशूला भेटतात, त्याला नमन करतात, आणि मत्तय तिथेच सांगून टाकतो की काहींच्या मनात शंका होती. गुडघे टेकलेले, आणि आत शंका. रविवारच्या मिस्साला आपल्या बाकावरही हेच चाललेलं असतं. आपलं तर दुहेरी! ऑफिसात श्रद्धा झाकायची आणि चर्चमध्ये मन. मॅनेजरने विचारलं तर ऑल गुड, फादरांनी विचारलं तरी सगळं छान. आज आपल्या वसईच्या संताचं आयुष्य मला याच बाजूने बघावंसं वाटलं.

गोन्सालो यांचा जन्म 1556 च्या सुमारास वसईत झाला. वसई तेव्हा पोर्तुगीजांकडे होती. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. शिक्षण जेझुइट फादरांकडे झालं आणि पंधरा-सोळाव्या वर्षी एका फादरांबरोबर ते थेट जपानला पोचले. भाषा भराभर उचलली आणि आठेक वर्षं धर्मशिक्षक म्हणून काम केलं. जेझुइट व्हायचं होतं. तशी विनंती केली, पण संघात प्रवेश मिळाला नाही.

मग ते व्यापारात उतरले आणि चांगले यशस्वी झाले. चरित्रांत हा भाग दोन ओळींत संपतो, मला मात्र तिथेच थांबावंसं वाटतं. बाहेरून बघणाऱ्याला काय दिसलं असेल? मुलगा सेटल झाला. धंदा वाढतोय, ओळखी आहेत, भाषा येते. हिंजवडीच्या बसमध्ये असे कितीतरी चेहरे मी रोज बघतो. पॅकेज उत्तम, आणि खरं काय हवं होतं ते विचारलं तर खिडकीबाहेर बघणारे. गोन्सालोंची ती ओढ हिशेबाच्या वह्यांखाली मेली नव्हती, एवढं पुढच्या घटनेवरून नक्की कळतं. व्यापार सोडून ते मनिलाला गेले आणि फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू झाले. धर्मगुरू नाही, बंधू.

1593 मध्ये पेद्रो बाउतिस्ता या फ्रान्सिस्कन फादरांबरोबर ते पुन्हा जपानला आले, या वेळी दुभाषी म्हणून. फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरचे दूत म्हणून ही मंडळी जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यापुढे उभी राहिली. फिलिपिन्सने आपल्याला शरण यावं, ही त्याची मागणी होती. पुण्यात जपानी शिकून आयटीत लागलेले बरेच जण तुमच्याही ओळखीचे असतील. चिडलेल्या क्लायंटचं बोलणं जसंच्या तसं पोचवायचं, आणि स्वतःच्या चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, हे किती दमवणारं असतं ते त्यांना विचारा. गोन्सालोंनी हे एका हुकूमशहासमोर केलं. अशा वेळी मन बाजूला ठेवणं म्हणजे ढोंग, असं मला वाटत नाही. ते सेवेचं काम होतं. पण दुभाष्यालासुद्धा कुठेतरी स्वतःच्या भाषेत बोलावं लागतंच, आणि आपली खरी अडचण तिथे आहे.

हिदेयोशीने 1587 मध्येच मिशनऱ्यांना देश सोडायचा हुकूम काढला होता. जेझुइट तेव्हापासून जपून, आवाज न करता काम करत होते, फ्रान्सिस्कन उघडपणे. कोण बरोबर, यावर तेव्हाही वाद झाले. 1596 मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागलं, त्यातल्या मालावरून आणि बोलण्यावरून संशय वाढला, आणि डिसेंबरात पकडापकडी झाली. सव्वीस जण: सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट, सतरा जपानी प्रापंचिक. त्यांत कोवळी मुलंही होती. क्योटोत त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला आणि भर थंडीत नागासाकीपर्यंत जवळपास महिनाभर नेलं.

5 फेब्रुवारी 1597. त्या सकाळी, क्रुसावर जाण्याआधी, तीन जेझुइटांपैकी दोघांनी संघाची व्रतं घेतली. गोन्सालोंना जे दार उघडलं नव्हतं, ते त्या दोघांसाठी शेवटच्या काही तासांत उघडलं. मग निशिझाका टेकडीवर सगळे एकाच रांगेत क्रुसावर. परंपरा सांगते की पहिले गोन्सालो होते. वय चाळीसच्या आसपास.

1862 मध्ये पोप नववे पायस यांनी या सव्वीस जणांना संत म्हणून घोषित केलं. तोवर जपानमधले ख्रिस्ती लोक अडीचशे वर्षं लपून श्रद्धा जपत होते. पवित्र चित्रांवर पाय द्यायला लावायचे, तो देऊन घरी येऊन क्षमेची प्रार्थना करणारे. मरियेची मूर्ती बौद्ध देवी कान्नोनच्या रूपात ठेवणारे. धर्मगुरू नाही, मिस्सा नाही; बाप्तिस्मा मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालू.

नागासाकीत ओउरा इथे परदेशी लोकांसाठी एक चर्च बांधलं गेलं, याच सव्वीस हुतात्म्यांच्या नावाने. 17 मार्च 1865 ला उराकामी गावचे काही लोक तिथे आले. त्यांच्यातली एक बाई प्रार्थना करत असलेल्या फादर पेतिजाँ यांच्याजवळ गेली आणि हळू आवाजात तिने सांगितलं, की आमचंही मन तुमच्यासारखंच आहे. आणि विचारलं, मरियेची मूर्ती कुठे आहे? बंदी तेव्हाही उठलेली नव्हती.

उद्या पुन्हा रोजच्या वाचनाकडे वळू.